झोपेत फार उकडतं? गादी निवडताना या क्रमाने जा

गादीच्या दुकानात एसी चालू असतो. विक्रेता गादीच्या निळसर, गुळगुळीत कापडावर तळहात ठेवायला सांगतो, हाताला गार लागतं आणि तिथेच सौदा ठरतो. घरी आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग पाठ भिजायला लागते. चांगले पैसे मोजूनही असं होतं, कारण हाताला गार लागणं वेगळं आणि अंगाखाली रात्रभर न तापणं वेगळं. गार लागणारं कापड तळहातातली उष्णता पटकन ओढून घेतं, एवढंच. ते अंगाइतकं तापलं की त्याचं काम संपलं.

वीज किंवा फिरतं पाणी न वापरणारी कुठलीही गादी थंडावा तयार करत नाही. झोपलेल्या प्रौढ माणसाच्या अंगातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर पडते, म्हणजे जुना सीलिंग फॅन जेवढी वीज खातो तेवढी. गाढ झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि त्यासाठी ही उष्णता कातडीवाटे निघून जावी लागते. उताणं झोपल्यावर अंगाचा बराचसा भाग गादीला टेकलेला असतो. त्यामुळे गादीकडून दोनच गोष्टी मागायच्या: तिने उष्णता कोंडू नये आणि घामाची वाफ अडवू नये. लेबलवरचे बाकीचे शब्द या दोन प्रश्नांवर घासून पाहायचे.

बहुतेक जण थेट दुकान गाठतात, म्हणजे खाली दिलेल्या सहाव्या पायरीपासून सुरुवात करतात. तसं करू नका. पहिल्या तीन पायऱ्यांना जवळजवळ खर्च नाही, आणि काही जणांचं काम तिथेच भागेल.

## १. उकाडा कुठून येतो ते आधी शोधा

गादीला दोष देण्यापूर्वी ती बाजूला काढून पाहा. गादी भिंतीला उभी करा, पलंगाच्या प्लायवर चटई टाका, तिच्यावर सुती गोधडी दुहेरी करून अंथरा आणि त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली दोन-तीन रात्री झोपा. पाठ थोडी दुखेल, पण उत्तर स्वच्छ मिळेल.

घाम तितकाच आला, तर दोष खोलीचा आहे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. पश्चिमेची भिंत तेच करते. अशा खोलीत गादीवर पैसे घालण्याआधी गच्चीवर चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा किंवा ताटी लावा, आणि पंखा पलंगाच्या मधोमध वर आहे का ते पाहा. पलंग सरकवून खोलीच्या कोपऱ्यात गेलेला असतो आणि पंखा रिकाम्या फरशीला वारा घालत असतो, असं पुष्कळ घरांत दिसतं.

घाम स्पष्ट कमी झाला, तर दोष गादीचा किंवा तिच्यावर चढवलेल्या थरांचा. यातलं कोण, ते वेगळं तपासा. गादी परत ठेवा, पण वॉटरप्रूफ प्रोटेक्टर काढून टाका आणि नुसती सुती चादर घाला. पुन्हा दोन रात्री.

तपासणी: प्रोटेक्टर उलटा करून पाहा. आतल्या बाजूला चकचकीत, रबरासारखा थर दिसला तर तोच वाफ अडवतोय. हलक्या प्रोटेक्टरला पीव्हीसीचा थर असतो, त्यातून वाफ जातच नाही. बऱ्यापैकी महागात पातळ पॉलियुरेथेनचा थर मिळतो, तो थोडी वाफ सोडतो. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस नसेल तर वॉटरप्रूफ थराची गरज आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा. त्याऐवजी जुन्या मऊ सुती लुगड्यांची गोधडी गादीवर घातली तर ती घाम टिपते, वाळते आणि धुता येते. माझ्या मते उकाडा होणाऱ्या माणसासाठी याहून चांगला प्रोटेक्टर नाही.

चादरही इथेच तपासून घ्या. रस्त्यावर आणि प्रदर्शनांत ‘ग्लेस कॉटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चादरी बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या असतात. कडेचा एक धागा काढून, चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि हलकी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. सुती चादरीतही खूप जास्त ‘थ्रेड काउंट’च्या, म्हणजे चौरस इंचातल्या धाग्यांच्या संख्येच्या, मागे लागू नका. २०० ते ३०० च्या आसपासची साधी, सरळ विणीची चादर हवा खेळू देते. सॅटिन विणीची दाट चादर हाताला मऊ, पण अंगाखाली गरम.

सावधान: कपडे बदलावे लागतील इतका घाम रोज रात्री येत असेल आणि सोबत बारीक ताप, वजन घटणं किंवा न हटणारा खोकला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. क्षयरोगातही अशी लक्षणं दिसतात. रजोनिवृत्ती, थायरॉईड वाढणं, नैराश्यावरची काही औषधं, इन्सुलिन घेणाऱ्यांची रात्री साखर उतरणं, यांतही घाम फुटतो. चांगली गादी या घामाचा त्रास थोडा हलका करेल, कारण दूर करणार नाही.

## २. तुमच्याकडची हवा कोरडी की दमट, ते ठरवा

इंग्रजी जाहिरातीतून उतरवलेले सल्ले इथेच फसतात. ते हीटर आणि एसी असलेल्या बंद घरांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे एकाच राज्यात दोन अगदी वेगळे उकाडे आहेत.

मुंबई, ठाणे, कोकण इथे तापमान फार चढत नाही, पण हवा ओली असते. घाम येतो आणि वाळत नाही. इथे गादीची पहिली कसोटी म्हणजे वाफ बाहेर जाऊ देणं आणि पावसाळ्यात ओल धरून न ठेवणं. इथे कूलर लावणारे घरात ओलच वाढवतात. गादीही त्यात दमट होते.

नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात उन्हाळा कोरडा. घाम लगेच वाळतो, पण खोलीतली प्रत्येक वस्तू तापलेली असते, गादीसुद्धा. मेमध्ये रात्रीचं किमान तापमानच २८-३० अंशांच्या घरात राहतं आणि स्लॅबखालची खोली त्याहून तापलेली असते. इथे जाड, उष्णता साठवणारी गादी नको. कूलरचा वारा पलंगावर येऊ द्या, पण समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ती ओल फोममध्ये मुरते.

तिसरी परिस्थिती म्हणजे रात्रभर एसी चालणारी खोली. तिचे नियम वेगळे आहेत, पुढे येतीलच. एसी दोन तास लावून बंद करत असाल, तर स्वतःला एसीवाल्यांत धरू नका. तुमची पहाटेची झोप बिनएसीच्या खोलीतच जाते, आणि उकाड्याने जाग येते ती तेव्हाच.

## ३. पलंग मोजा आणि त्याला श्वास द्या

मोजमाप आधी, खरेदी नंतर. टेप पलंगाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत लावा, डोक्याकडे आणि पायाकडे दोन्हीकडे, कारण सुतारकामात अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडतो. बाजारात डबल बेडच्या गाद्या साधारण ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत आणि ६० किंवा ७२ इंच रुंदीत मिळतात. गादी कोंबून बसवावी लागली तर ती मध्ये फुगते आणि कडेची हवेची वाट बंद होते.

मग पलंगाचा तळ पाहा. सामान ठेवायची पेटी असलेला पलंग हा आपल्या घरांत सर्रास असतो, आणि उकाड्याचं मोठं कारणही. खाली सलग प्लाय, त्याला सनमायका, आत रजया आणि स्वेटर ठासलेले. गादीतून उतरलेली उष्णता आणि वाफ जायला जागाच नाही. अशा पलंगावर कितीही महाग, हवेशीर गादी ठेवली तरी तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

सुताराला बोलवून प्लायला एक इंचाची भोकं पाडून घ्या, साधारण सहा ते आठ इंच अंतराने, ओळीत. बिजागऱ्या, हायड्रॉलिकचे स्क्रू आणि सांध्यांजवळची जागा सोडायला सांगा. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर खोळ फाटते. पेटीतले रजयांचे गठ्ठे थोडे खाली दाबा, म्हणजे भोकांखाली चार बोटं हवा राहील. फळ्यांचा पलंग असेल तर उत्तमच, फक्त दोन फळ्यांमधली फट तीन इंचांपेक्षा जास्त नको. लेटेक्स आणि फोम त्या फटीत बसतात.

तपासणी: सकाळी उठल्याबरोबर गादीची कड उचला आणि प्लायवर हात फिरवा. प्लाय दमट किंवा कोमट लागला तर भोकांची गरज आहे. काळे ठिपके दिसले तर बुरशी धरली आहे, ती पुसून, वाळवून मगच पुढे जा.

## ४. गादीचं पोट निवडा

इथे वेळ घालवा. वरचं कापड बदलता येतं, पोट बदलता येत नाही.

मेमरी फोम. बोट दाबलं की खड्डा राहतो आणि हळूहळू भरतो, तो हा. अंगाच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि शरीर त्यात रुतून बसतं. पाठीला आराम मिळतो हे खरं, पण रुतलेल्या अंगाभोवती हवा फिरत नाही. आपल्या उन्हाळ्यात तो आणखीच मऊ पडतो, म्हणजे आणखी रुतणं. बिनएसीच्या खोलीत उकाडा होणाऱ्याने मेमरी फोम टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठीसाठी डॉक्टरांनी सुचवला असेल तर वरचा थर एक-दीड इंचाहून जास्त नको.

जेल फोम. मेमरी फोममध्येच जेलचे कण मिसळलेले किंवा वर जेलचा पातळ थर. जेल उष्णता थोडा वेळ शोषतं, भरलं की थांबतं. दुकानातली गार गादी बहुधा हीच. तिला मेमरी फोम समजूनच निर्णय घ्या.

फेज चेंज कापड. जाहिरातीत ‘पीसीएम’ लिहिलेलं असतं. यात मेणासारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण असतात. ठरावीक तापमानाला, साधारण २८ ते ३२ अंशांच्या आसपास, ते वितळतात आणि वितळताना उष्णता पितात. पुन्हा काम करण्यासाठी त्यांना परत गोठावं लागतं. खोलीच ३४ अंशांवर असेल तर तुम्ही झोपायला जाण्याआधीच ते वितळून बसलेले असतात. म्हणजे मेमध्ये अकोल्यात या कापडाचा उपयोग नाही. रात्रभर एसी असलेल्या खोलीत थोडा आहे, पण तिथे मुळात त्याची गरज कमी. यासाठी जादा पैसे देऊ नका.

लेटेक्स. रबराच्या चिकापासून बनतो, आत मोकळ्या पेशी असतात आणि साच्यातल्या खिळ्यांमुळे आरपार छिद्रं पडलेली असतात. दाबला की लगेच उसळतो, त्यामुळे अंग वर राहतं आणि कूस बदलली की आतली हवा हलते. दमट हवेसाठी माझी पहिली पसंती हीच. तोटे तीन: महाग, वजनाला भारी, आणि काहींना रबराची ॲलर्जी असते. फुगे किंवा रबरी हातमोज्यांनी अंगाला खाज सुटत असेल तर लेटेक्स घेऊ नका.

काथ्या. नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकाने बांधलेला. धागे विरळ, हवा भरपूर खेळते, गादी कडक. नुसत्या काथ्यावर झोपणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून त्यावर एक-दोन इंच लेटेक्स असलेली गादी पाहा. बजेट आणि हवा या दोन्हींचा मेळ इथे चांगला बसतो. काही वर्षांत मध्ये खोलगट होते, म्हणून दर तीन महिन्यांनी डोकं-पाय फिरवणं आवश्यक.

पॉकेट स्प्रिंग. आत बराचसा भाग पोकळ, त्यामुळे हवेला जागा असते. पण स्प्रिंगच्या वर दोन-तीन इंच मेमरी फोमची ‘पिलो टॉप’ असेल तर सगळा फायदा त्या थरात बुडतो. एसीच्या खोलीत, वर पातळ लेटेक्स असलेली पॉकेट स्प्रिंग चांगली. समुद्राजवळच्या खाऱ्या, ओल्या हवेत हलक्या प्रतीच्या स्प्रिंगला गंज धरतो, तिथे स्वस्त स्प्रिंगची गादी नको.

साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम. ३२, ४० ‘डेन्सिटी’ म्हणून विकला जातो, म्हणजे एका घनमीटरला तितके किलो. मेमरी फोमपेक्षा बरा, लेटेक्सपेक्षा कोंदट. २८ च्या खाली जाऊ नका. त्याहून हलका फोम लवकर बसतो, आणि बसलेल्या फोममध्ये हवेची जागा संपते.

कापसाची गादी. हिला उगाच जुनाट ठरवलं गेलं. नव्या, पिंजलेल्या कापसाची चार इंची गादी, सुती गादीपाटाची खोळ, नीट मारलेले टाके: विदर्भ-खानदेशच्या कोरड्या उकाड्यात हिच्याइतकी स्वस्त आणि सोयीची गादी मला दुसरी माहीत नाही. गादीवाल्याकडे भरून घेताना समोर उभं राहा, कापूस हातात घेऊन पाहा. गिरणीतला टाकाऊ, तुटक, करड्या रंगाचा कापूस भरला तर सहा महिन्यांत गोळे होतात. कोकणात मात्र पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि वास मारतो, तिथे ती वर्षभराची गादी म्हणून चालत नाही.

थोडक्यात माझी निवड सांगायची तर: दमट हवा, एसी नाही, तर काथ्यावर लेटेक्स किंवा पूर्ण लेटेक्स. कोरडी हवा, एसी नाही, तर कापूस किंवा काथ्या. रात्रभर एसी, तर पॉकेट स्प्रिंग किंवा लेटेक्स.

नेहमीची चूक: जितकी जाड तितकी चांगली, असं समजणं. उकाड्यासाठी आठ-दहा इंचांचा काहीही फायदा नाही. लेटेक्स किंवा काथ्याची पाच-सहा इंची गादी पुरते. वजन ८५-९० किलोंच्या पुढे असेल तर थोडी कडक घ्या, कारण जितकं अंग रुतेल तितकी हवा कमी.

नवराबायकोंपैकी एकालाच उकडत असेल तर ७८ × ७२ ची एक गादी घेण्याऐवजी ७८ × ३६ च्या दोन घ्या, वेगवेगळ्या पोटाच्या, पण सारख्या जाडीच्या. मधली फट एका मोठ्या चादरीने झाकली जाते. भांडण मिटतं आणि पुढे बदलायची वेळ आली तर एकच बदलावी लागते.

## ५. वरचं कापड आणि उशी

खोळ काढता येणारी, चेनची हवी. कापड सुती किंवा सुतीचं प्रमाण जास्त असलेलं पाहा. ‘बांबू कापड’ म्हणजे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस असतो. तो घाम चांगला टिपतो, पण दमट हवेत वाळायला वेळ लावतो. कापडाखाली शिवलेला पॉलिस्टर फायबरचा जाड पापुद्रा, ज्यामुळे गादीवर फुगीर चौकटी दिसतात, तो उष्णता धरून ठेवतो. चौकटी जितक्या फुगीर, तितकं माझं मन त्या गादीवरून उठतं.

तपासणी: खोळीची चेन उघडा, कापड तोंडाला घट्ट लावा आणि जोरात फुंका. पलीकडे ठेवलेल्या हाताला वारा लागला पाहिजे.

उशीकडे दुर्लक्ष होतं. डोकं आणि मान यांतून बरीच उष्णता जाते, आणि गादीबरोबर फुकट मिळणारी उशी बहुधा मेमरी फोमची किंवा पॉलिस्टरची असते. ती पाहुण्यांसाठी ठेवा. सावरीच्या कापसाची उशी हलकी, मोकळी आणि कमी तापणारी असते. ती नाही मिळाली तर छिद्रं असलेली लेटेक्सची घ्या.

## ६. दुकानात काय करायचं

दुपारी जा, सुती कपडे घालून. दुकानदाराला विनंती करून त्या भागातला एसी बंद करायला सांगा. नाही म्हणाला तर निदान एसीच्या झोताखालची गादी सोडून दुसरीवर झोपा.

एका गादीवर किमान वीस मिनिटं पडून राहा. पाच मिनिटांत कुठलीच गादी खरं बोलत नाही. पडल्यावर कमरेखाली हात घालून पाहा: सहज जात असेल तर गादी फार कडक, अजिबात शिरत नसेल तर तुम्ही फार रुतला आहात. उठल्यावर लगेच अंगाच्या जागेवर हात ठेवा, एक मिनिट थांबा, पुन्हा ठेवा. जागा अजून कोमट असेल तर ती गादी उष्णता सोडत नाही. हाताला गार लागण्यापेक्षा ही चाचणी खूप जास्त सांगते.

आता चेन उघडा आणि आत पाहा. चेन नसेल तर कापून ठेवलेला नमुना मागा. ‘लेटेक्स गादी’ म्हणून दाखवलेल्या गादीत वर बोटभर जाडीचा पांढुरका, टाचणीएवढी छिद्रं असलेला थर दिसतो आणि खाली चार-पाच इंच रंगीबेरंगी तुकड्यांचा ठोकळा: गुलाबी, पिवळे, करडे कपचे एकमेकांना चिकटवलेले. हा रीबॉन्डेड फोम, म्हणजे फोमच्या कारखान्यातलं भंगार दाबून केलेला. आधार म्हणून तो वाईट नाही, पण दाट असतो आणि त्यातून हवा फारशी जात नाही. लेटेक्सचे पैसे देत असाल तर लेटेक्सची जाडी इंचांत बिलावर लिहून घ्या.

वजनाचा हिशोबही उपयोगी पडतो. ७८ × ७२ × ६ इंचांची गादी म्हणजे सुमारे ०.५५ घनमीटर. ३२ डेन्सिटीचा फोम असेल तर वजन १८ किलोंच्या आसपास, ४० चा असेल तर २२, आणि पूर्ण लेटेक्स असेल तर साधारण ४४ किलो. ‘पूर्ण लेटेक्स’ म्हणून सांगितलेली गादी दोन माणसांनी सहज जिना चढवली, तर काहीतरी गडबड आहे.

सावधान: रीबॉन्डेड फोमही लेटेक्सइतकाच, कधी त्याहूनही जड असतो. म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका, आत पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

ऑनलाइन घेत असाल तर तीन गोष्टी वाचा: प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी, खोळीच्या कापडातलं सुतीचं प्रमाण, आणि परतीच्या अटी. थरांची माहिती जिथे दिलेलीच नाही आणि फक्त हिमनगांची चित्रं आहेत, ते पान बंद करा.

## ७. घरी आणल्यावर

सगळ्यात आधी प्लास्टिक काढा, पूर्ण. धुळीपासून जपायला म्हणून कारखान्याचं प्लास्टिक महिनोन्महिने तसंच ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्याच्यावर झोपून गादी गरम असल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. त्यातच ओल साचून बुरशीही धरते. प्लास्टिक जपून ठेवायचं ते परत करायची वेळ आली तर लागेल म्हणून, कपाटात.

गुंडाळून आलेली गादी उलगडून एक-दोन दिवस पंख्याखाली मोकळी ठेवा. ती पूर्ण फुगते आणि नवा वास उडून जातो.

मग थर लावा: खाली गादी, वर पातळ सुती गोधडी, वर सुती चादर. एवढंच. फार उकाड्याच्या दिवसांत चादरीखाली शिंदीची चटई घालून पाहा, अंग गादीला चिकटत नाही. पांघरायला मऊ, विरलेली सुती चादर घ्या. पायांवर काहीच न घेणं त्याहून बरं, कारण पावलांतून उष्णता सहज जाते.

मच्छरदाणी वापरत असाल तर लक्षात ठेवा की जाळी पंख्याचा वारा बराच अडवते. मोठ्या भोकांची जाळी, किंवा आत चालणारा छोटा टेबलफॅन, यांनी फरक पडतो. एसी असेल तर २४ ते २६ अंश आणि मंद पंखा एवढं पुरतं. १८ वर लावून रजई घेणाऱ्याला गादीच्या उष्णतेचा अंदाज कधीच येत नाही.

## ८. ट्रायलचे दिवस नीट वापरा

काही कंपन्या १०० रात्रींची ट्रायल देतात. ती डिसेंबरात सुरू केली तर काहीच कळत नाही, कारण थंडीत सगळ्याच गाद्या चांगल्या. १ मार्चला गादी आली तर १०० रात्री ८ जूनपर्यंत जातात. मार्चचा चढता उन्हाळा, मेचा कहर आणि पावसाआधीची घुसमट, तिन्ही त्यात येतात. जमेल तर खरेदीची वेळ अशीच धरा.

पहिला आठवडा निर्णय घेऊ नका, अंगाला नवी गादी सवयीची व्हावी लागते. त्यानंतर रोज सकाळी वहीत तीन गोष्टी लिहा: रात्री उकाड्याने जाग आली का आणि किती वाजता, उठल्यावर पाठीकडची चादर ओली होती का, आणि पंखा, कूलर, एसी यांपैकी काय चालू होतं. वीज गेलेल्या रात्री वेगळ्या खुणेने लिहा, त्यांचा राग गादीवर काढू नका.

जाग नेहमी झोपल्यावर तास-दीड तासात येत असेल तर गादीत उष्णता लवकर भरते आहे, म्हणजे वरचा थर चुकला. पहाटे तीन-चारनंतरच येत असेल तर आधी एसीचा टायमर पाहा, मग खोली.

परत करण्याआधी: कंपनी डाग पडलेली गादी घेत नाही, म्हणून ट्रायलभर गोधडी गादीवर असू द्या. परतीचा अर्ज शेवटच्या दिवशी करू नका, किमान दहा दिवस हातात ठेवा. गादी उचलायला कोण येणार आणि जिन्यावरून खाली कोण आणणार, हे लेखी विचारा. काही ठिकाणी उचलून नेण्याऐवजी ती एखाद्या संस्थेला देऊन पावती पाठवायला सांगतात.

## ९. पुढची निगा

कापसाची गादी वर्षातून दोन-तीनदा कडक उन्हात टाका आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या. दबलेल्या कापसात हवा उरत नाही, पिंजल्यावर ती परत येते.

लेटेक्स आणि फोम मात्र कधीही उन्हात टाकू नका. सवयीने गच्चीवर नेऊन टाकलेली लेटेक्सची गादी उन्हाने पिवळी पडते, वरून कडक होते आणि तिचा भुगा व्हायला लागतो. तिला सावलीत, खिडकीजवळ उभी करून दोन्ही बाजूंनी पंख्याचा वारा द्या. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे दर पंधरा दिवसांनी करा, आणि गादी उभी असतानाच खालचा प्लाय कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

खोळ महिना-दोन महिन्यांतून धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका. पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही, म्हणून एक जादा खोळ गादीबरोबरच मागून घ्या. नंतर त्या मापाची मिळेलच असं नाही.